एक युनिट, दोन हजार लिटर

दिवस पहिला – कोपनहेगन ते नूक

लेकीकडे कोपनहेगनला तीन महिने राहायला यायचं ठरलं, तेव्हाच मी मनातल्या मनात ग्रीनलंड धरलं होतं. जावयांना वाटलं, बाबांना हिमनग बघायचे असतील. हिला वाटलं, तिकीट स्वस्त मिळालं असेल. खरं कारण मी विमान उडेपर्यंत पोटातच ठेवलं. मला तिथलं एक वीजगृह बघायचं होतं.

"एकतीस वर्षं पोफळीत काढलीत, अजून पोट नाही भरलं?" ही म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

ज्यांना पोफळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोयना धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणून खाली पाडतात, ते जिथे पडतं ते गाव. वीजगृह डोंगराच्या आत आहे. बोगद्यातून आत शिरलं की बाहेर पाऊस आहे की ऊन, पाळी संपेपर्यंत कळायचं नाही. अशा जागी आयुष्य गेलेल्या माणसाने निवृत्तीनंतर एके दिवशी वाचलं, की उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, बर्फाच्या कडेला, डोंगराच्या आत एक जलविद्युत केंद्र आहे आणि त्यात माणूसच नसतो. मग त्याला झोप कशी लागणार?

२०२४ च्या नोव्हेंबरात नूकचा नवा मोठा विमानतळ सुरू झाला, त्यामुळे कोपनहेगनहून थेट जाता येतं. आधी कांगेरलुस्सुआक या जुन्या अमेरिकन हवाई तळावर उतरून लहान विमान धरावं लागे. पहिल्या दिवसाबद्दल एवढंच पुरे. उतरलो, झोपलो.

दिवस दुसरा – नूक

नूक म्हणजे देशाची राजधानी. वस्ती वीसेक हजारांची, म्हणजे चिपळूणच्या निम्मीही नाही. समोर सेर्मित्सियाक नावाचा डोंगर, रंगीत घरं, मधूनच उंच इमारती. हिला दुकानं बघायची होती. मला एक तार बघायची होती.

नूकची वीज दक्षिणेकडच्या बुक्सेफ्योर्डच्या वीजगृहातून येते. ते १९९३ साली सुरू झालं, तेव्हा दोन यंत्रं मिळून ३० मेगावॅट होती. २००८ मध्ये तिसरं बसवलं, आता ४५. गाव आणि वीजगृह यांच्या मध्ये अमेरालिक नावाची खाडी आडवी येते. फ्योर्ड म्हणजे शेवटी डोंगरांत घुसलेली खाडीच, कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. या खाडीवरून तार नेली आहे ती एकाच झेपेत, ५,३७६ मीटर. दोन टेकूंमधलं एवढं अंतर जगात दुसऱ्या कुठल्याही वीजवाहिनीचं नाही. दादर स्टेशनात एक खांब रोवावा आणि दुसरा थेट वांद्र्याच्या पलीकडे, मधे काही नाही, असा तो प्रकार. एका बाजूचा टेकू हजार मीटरहून उंच डोंगरावर आहे, दुसरा त्याच्या निम्म्याहून खाली.

बोटीने गेलो. तारेखाली आल्यावर बोटवाल्याने बोट वर केलं. मी मान मोडेपर्यंत पाहिलं. दिसलं म्हणाल तर दिसलं, नाही म्हणाल तर नाही. आभाळावर कुणीतरी पेन्सिलीने रेघ ओढून पुसून टाकावी तसं काहीतरी. बाकीचे प्रवासी देवमासा दिसतो का म्हणून खाली बघत होते, मी एकटा वर.

परतताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती तार तुटली तर? आपल्याकडे एक वाहिनी गेली की दुसरीकडून वीज फिरवतात. पोफळीत आमचा दिवस कळव्याच्या भार प्रेषण केंद्राच्या फोनवर चालायचा. लोड वाढवा, लोड कमी करा, अमुक मशीन घ्या. महाराष्ट्र एका जाळ्यात बांधलेला, ते जाळं पुढे देशाच्या जाळ्यात. ग्रीनलंडमध्ये असं जाळंच नाही. एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही, तिथे तार कुठून येणार? प्रत्येक गाव विजेच्या दृष्टीने बेट आहे. देशातली पाच जलविद्युत केंद्रं मिळून सार्वजनिक विजेचा मोठा वाटा उचलतात, पण ती एकमेकांना ओळखतही नाहीत. नूकचं नूकपुरतं, सिसिमियुतचं सिसिमियुतपुरतं, पूर्व किनाऱ्यावर तासीलाकचं इवलंसं तासीलाकपुरतं. अपवाद फक्त दक्षिणेचा. तिथे कोर्लोर्तोर्सुआक, म्हणजे 'मोठा धबधबा', नावाच्या जागी सातेक मेगावॅटचं केंद्र आहे आणि त्यावर काकोर्तोक व नार्साक अशी दोन गावं चालतात. शेजारी असण्याची चैन तेवढी त्या दोघांनाच.

दिवस तिसरा – धुकं

इलुलिसातचं विमान सकाळचं होतं. सकाळी धुकं, दुपारी धुकं. विमानतळावर सगळे निवांत बसलेले, कुणी विणत होतं, कुणी पोराला झोपवत होतं. चिडलेले फक्त आम्ही परदेशी. संध्याकाळी उडालो. पंख्यांचं लहान विमान, कारण इलुलिसातची जुनी धावपट्टी ८४५ मीटरचीच. उतरताना खालचा समुद्र पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला होता. हिने विचारलं, "होड्या का?" जवळ आल्यावर कळलं, एकेक होडी पाचमजली चाळीएवढी होती.

दिवस चौथा – इलुलिसात

इलुलिसात या शब्दाचा अर्थच 'हिमनग'. गाव चार-साडेचार हजारांच्या पुढचं, आणि एके काळी माणसांहून कुत्री जास्त. स्लेज ओढणारी ही कुत्री उन्हाळ्यात गावाबाहेर साखळ्यांना बांधलेली असतात. त्यांना दिवसभर काम नसतं आणि ते ती ओरडून सांगतात. ध्रुवीय संशोधक क्नुड रासमुसेन १८७९ मध्ये याच गावात जन्मला. त्याचं लाल घर अजून आहे.

गावाच्या दक्षिणेला ती प्रसिद्ध बर्फाची खाडी. सेर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी आतल्या अफाट हिमस्तरावरून येऊन इथे समुद्रात तुटते. ही जगातल्या सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी एक, दिवसाला चाळीस मीटरच्या आसपास सरकल्याच्या नोंदी आहेत. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक उंचवटा आहे. मोठे हिमनग त्यावर येऊन रुततात, मागचे त्यांना ढकलतात, आणि एखादा कधीतरी सुटून उत्तरेला निघतो. २००४ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून सेर्मेर्मियुत या जुन्या वस्तीच्या जागेपर्यंत चालत गेलो. किनाऱ्यावर उतरू नका अशी पाटी होती. हिमनग उलटला तर लाट कधी येईल सांगता येत नाही.

बसलो. आवाज येत होते. लांब कुठेतरी तोफ उडावी तसा, मग बराच वेळ काही नाही, मग वाळलेली फांदी मोडल्यासारखा. ही तासभर काही बोलली नाही. आमच्या छत्तीस वर्षांच्या संसारात हे नोंद करण्यासारखं आहे.

मग म्हणाली, "एवढं सगळं पाणीच ना हे?"

पाणीच. पण या पाण्याची वीज होत नाही. ते सरळ समुद्रसपाटीला येऊन तुटतं, त्याला उंचीच नाही. वीज पाण्याची होत नसते, पडण्याची होते. इलुलिसातची वीज येते ती इथून ४५ किलोमीटर ईशान्येला, पाकित्सोक नावाच्या दुसऱ्या खाडीवरून. तिथे हिमस्तराची कड समुद्रापर्यंत पोचत नाही, मागेच डोंगरावर थांबते. तिचं वितळलेलं पाणी उंचावरच्या तळ्यांत साठतं. अभियंत्यांनी ती तळी पकडली. त्यांची नावंही ठेवली नाहीत, नकाशावर नुसते आकडे: १८७ आणि २३३. समुद्रसपाटीपासून तेवढ्या मीटरवर आहेत म्हणून. मला हे फार आवडलं. शिवसागर वगैरे नाव देण्याची भानगड नाही.

दिवस पाचवा – पाकित्सोक

निघण्याच्या महिनाभर आधी तिथल्या वीज कंपनीला मी पत्र लिहिलं होतं. निवृत्त अभियंता आहे, आत येऊ द्याल का? सभ्य उत्तर आलं. केंद्रात कुणी कर्मचारी नसतो, ते इलुलिसातमधूनच चालवलं जातं, त्यामुळे भेटीची सोय नाही. म्हणून एक लहान बोट ठरवली. बोटवाला तिशीतला, हॅलिबट मासे धरणारा, उन्हाळ्यात प्रवासी नेणारा. कुठे जायचं म्हटल्यावर त्याने मला दोनदा विचारलं. लोक याच दिशेला जातात, पण 'एकी' नावाची हिमनदी बघायला. "वीजगृहात बघण्यासारखं काही नाही," तो म्हणाला, "एक दार आहे."

मी म्हटलं, दार बघू.

किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला गेलो. ओकात्सुत ही तीसेक माणसांची वस्ती मागे पडली. डच देवमासे-शिकारी इथे थांबत, त्यांनी ठेवलेलं रोडेबाय हे नाव अजून चालतं. मग खाडीत वळलो. 'पा' म्हणजे तोंड, आणि या खाडीचं आतलं तोंड खरंच अरुंद आहे. भरती-ओहोटीचं पाणी तिथून धावतं. बोटवाल्याने इंजिन बारीक करून पाणी वाचलं, थोडा थांबला आणि मग शिरला. दाभोळच्या खाडीत आमचे तांडेल हेच करतात, चेहराही अगदी तसाच करून.

आणि मग ते दिसलं. कातळ, कातळाला टेकलेला धक्का, दार. दारावरून सुरू होऊन खांबाखांबाने डोंगर चढून गेलेली तार. बस्स. माणूस नाही, रस्ता नाही, धरणाची भिंत शोधणारे माझे डोळे रिकामे परत आले. सगळं आत आहे. २२.५ मेगावॅट, साडेसात-साडेसातची तीन यंत्रं. पोफळीतलं सर्वांत लहान यंत्र ७० मेगावॅटचं, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं हे अख्खं केंद्र. २०१३ मध्ये सुरू झालं, तोवर गाव डिझेलवर होतं.

बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. पोफळीत आत शिरलं की आवाज कानाआधी तळपायांना कळायचा. इथेही कळेल असं उगाच वाटलं. मी कान देऊन बसलो. काहीतरी बारीक गुणगुणतंय असं वाटलं. ही म्हणाली, "डास आहे, तुमच्या मफलरवर."

दार बंदच होतं, पण मला आतलं दिसत होतं. इथली जमीन कायमची गोठलेली, खाली शेकडो मीटर. अशा कातळातून पाण्याचं भुयार काढायचं म्हणजे वेगळीच चिंता. आमच्याकडे भुयार गळेल का याची काळजी. इथे पाणी वाहतं आहे तोवर ठीक, ते थांबलं आणि बराच काळ थांबलं तर भुयारातच गोठायची भीती. वीजगृह डोंगरात घातलं तेही हिवाळ्यातली थंडी आणि वादळं यांच्यापासून ते वाचावं म्हणून. आणि माणूस ठेवायचा तर त्याला हिवाळ्यात आणायचं-न्यायचं कसं? म्हणून माणूसच नको. गावात बसून कुणीतरी पडद्यावर बघतो आणि ४५ किलोमीटरवरची झडप हलते. पाळीच्या डब्यांची अदलाबदल नाही, रात्री तीनला केलेला चहा नाही. काम चोख होत असणार, पण मला जरा वाईट वाटलं.

याहून मोठी गंमत पाणलोटाची. आपल्याकडे पाणलोट क्षेत्र ठरवणं म्हणजे नकाशावर डोंगराच्या धारेवरून रेघ ओढणं. कोयनेचं पाणी कुठलं, कृष्णेचं कुठलं, धार सांगते. इथे धार बर्फाखाली आहे. वितळलेलं पाणी भेगांतून खाली बुडाशी जातं आणि तिथून कुठे वळेल हे खालचा खडक ठरवतोच, पण वर किती जाड बर्फ दाबून बसला आहे तेही ठरवतं. बर्फ पातळ झाला, वरचा उतार बदलला, तर पाणी खडकाचं न ऐकता शेजारच्या खोऱ्यात जाऊ शकतं. म्हणजे धरणाचं गिऱ्हाईकच पळालं. म्हणून १९८० च्या दशकात भूवैज्ञानिक इथे बर्फावर वर्षानुवर्षं येत राहिले. किती वितळतं ते मोजलं, रडारने बर्फाखालच्या खडकाचा नकाशा केला. केंद्र सुरू व्हायला पुढे पंचवीसेक वर्षं गेली. आपल्याकडे प्रकल्प रखडला की आपण लाज वाटून घेतो. या पंचवीस वर्षांत सगळाच काळ अभ्यासात गेला असं नाही, पण पाणी मोजल्याशिवाय हात घातला नाही हे खरं.

आणि साठवण! ही जागा मला इतकी ओळखीची का वाटते ते तिथे बसल्यावर उमगलं. कोयनेचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं. चार महिने आभाळ फाटतं, १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं, धरण भरतं, आणि मग पुढचे आठ महिने आम्ही वाण्यासारखं ते पाणी मोजून विकतो. मे महिन्यात, सगळ्यांना पंखे हवे असतात तेव्हा, तळ दिसायला लागतो. इथेही वर्ष जूनलाच सुरू होतं, फक्त पाऊस ढगातून न येता उन्हातून येतो. जून ते सप्टेंबर बर्फ वितळतो, तळी भरतात, मग नळ बंद. नोव्हेंबरच्या शेवटी इलुलिसातला सूर्य मावळतो तो थेट जानेवारीच्या मध्याला उगवतो. तो उगवताना बघायला सगळं गाव टेकडीवर जमतं. त्या सगळ्या अंधारात दिवे, हीटर, मासळीच्या कारखान्यांची शीतगृहं चालतात ती ऑगस्टमध्ये साठवलेल्या पाण्यावर. मे महिन्यातला आमचा पंखा आणि जानेवारीतला त्यांचा दिवा, दोन्ही सरलेल्या मोसमाच्या शिदोरीवर.

बोटवाल्याला हे सांगायचा प्रयत्न केला. माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी मधल्या खाडीत बुडलं. त्याने थर्मासमधली कॉफी दिली. मी त्याला मोबाइलवर पोफळीच्या बोगद्याच्या तोंडाचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग समोर बघितलं, पुन्हा फोटोकडे.

"दार," तो म्हणाला.

दिवस सहावा – इलुलिसात, पाऊस

पाऊस आणि वारा, म्हणून बाहेर कुठे गेलो नाही. बर्फाच्या खाडीजवळच्या पर्यटक केंद्रातल्या कॅफेत खिडकीपाशी बसलो होतो, तिथे शेजारच्या टेबलावरच्या बाई बोलायला लागल्या. त्या आसियातच्या, डिस्को उपसागराच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या गावच्या. लेकीकडे आल्या होत्या. आम्हीही लेकीकडेच, त्यामुळे पाच मिनिटांत नातं जुळलं. मी नेहमीप्रमाणे विजेवर गेलो. आसियात अजून डिझेलवर आहे. ते आणि समोरचं कासिगियान्गुइत अशा दोन गावांसाठी नवं जलविद्युत केंद्र बांधायचं ठरलेलं आहे. बाई म्हणाल्या, आमच्याकडे हिवाळ्याआधी तेलाचं जहाज आलं की सुटकेचा सुस्कारा. इथे लेकीकडे मात्र विजेचा विचारच मनात येत नाही.

"आणि ही वीज चालवणारे इथे दिसतही नाहीत," मी म्हटलं.

"दिसायला हवेत का?" त्यांनी विचारलं. प्रश्न साधा होता. मी उत्तर दिलं नाही.

एक गोष्ट मात्र मी हॉटेलच्या वाटेवर बघत आलो. पाण्याचे नळ इथे जमिनीखाली नाहीत. कातळ फोडायचा कुणी? म्हणून ते लाकडी किंवा पत्र्याच्या पेट्यांत उबदार गुंडाळून घराघरांच्या मधून वरूनच नेलेले असतात. पोरं त्यावरून धावतात. जुनं डिझेलचं वीजगृहही जागेवर आहे, हाताशी म्हणून. वाहिनी तुटली तर त्याला जागं करायचं. बेटावर राहणाऱ्याने घरात होडी ठेवावी तसं.

खोलीत स्वयंपाकाची शेगडी होती. हिने कोपनहेगनहून भाजणी आणली होती, आणि कांदा इथल्या दुकानातून घेतला. त्याची किंमत सांगत नाही, हिने मला शपथ घातली आहे. बाहेर पावसात हिमनग राखाडी झालेले, आत तव्यावर थालीपीठ. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

"आता काय?"

"हिशेब. पोफळीला पाणी साडेचारशे मीटरहून जास्त पडतं, त्यामुळे नऊशे लिटरच्या आसपास पाण्यात एक युनिट होतं. इथे उंची दोनशेच्या आतबाहेर. म्हणजे एका युनिटला दोन हजार लिटरच्या वर."

"मग?"

"शेगडी अर्धा तास चालली. पाऊण युनिट धर. दोन थालीपिठांना दीड हजार लिटर बर्फाचं पाणी लागलं."

हिने उलथनं हातात तसंच धरून माझ्याकडे पाहिलं, मग परातीतल्या उरलेल्या गोळ्याकडे.

"अहो, म्हणजे तिसरं लावू नको का?"

"लाव की," मी म्हटलं, "ऑगस्ट आहे. तळं भरतंय."